तीन बाइटांचं अक्षर

अगं, काल रात्री फोन ठेवताना तुझा आवाज एकदम बारीक झाला होता, तो अजून माझ्या कानातून जात नाहीये. प्रोग्राम हळू चालतो म्हणून कुणी एवढं हिरमुसत नाही. ग्रंथालयाच्या सूचीवरचा तुझा शोध मिनिटभर लटकतो, हे दुखणं होतंच. पण तुला लागलं ते पुढचं. “मराठीमुळे जड होतंय, नावं सरळ रोमन लिपीत टाका,” असं भर मीटिंगमध्ये सांगितलं गेलं आणि तुला उत्तर सुचलं नाही. आज रविवार आहे, मला वेळ आहे. चहा घेऊन बस. हेच वाक्य मीही ऐकलंय, आणि तेव्हा मीही गप्प बसले होते. तू बसू नयेस असं मला मनापासून वाटतं.

आधी त्यांच्या बोलण्यात जेवढं खरं आहे तेवढं मान्य करू. यूटीएफ-८ मध्ये साधं इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं. आपलं प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइट घेतं. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. देवनागरीचा युनिकोडमधला मुख्य तक्ता १२८ जागांचा. त्यातल्या पहिल्या ६४ चिन्हांची सुरुवात २२४-१६४ नं होते आणि उरलेल्या ६४ची २२४-१६५ नं. म्हणजे खरी माहिती जवळजवळ सगळी तिसऱ्या बाइटात, आधीचे दोन ‘देवनागरी आली’ अशी वर्दी देणारे. बहुतेक प्रोसेसर मेमरीतून एका वेळी ६४ बाइटांचा घास उचलतात. त्या घासात इंग्रजीची ६४ अक्षरं येतात, आपली एकवीस. शिवाय निव्वळ इंग्रजी मजकूर असेल तर चांगल्या लायब्ऱ्या सोळा, बत्तीस बाइट एकदम बघतात, कुणाचाच वरचा बिट लागलेला नाही एवढी खात्री करतात आणि पुढे सरकतात. मराठीत तीन, तीन, तीन, मग स्पेसचा एक, पुन्हा तीन असं चालतं. प्रत्येक ठिकाणी ‘आता किती बाइटांचं चिन्ह आलं’ असा फाटा फुटतो, आणि पुढचा फाटा कोणता याचा प्रोसेसरचा अंदाज चुकला की तेवढे क्षण वाया जातात.

तर फरक आहे. पण तो केवढा, ते बघ. तुमच्या सूचीत एक लाख नोंदी, नोंदीत सरासरी तीस चिन्हं धरू. तीस लाख चिन्हं, गुणिले तीन, नव्वद लाख बाइट. ९ एमबी! फोनवरच्या दोन-तीन फोटोंएवढं. आजच्या कुठल्याही साध्या लॅपटॉपला एवढा मजकूर एकदा चाळायला काही मिलिसेकंद पुरतात. तीनपट आकारामुळे मिलिसेकंदांचे थोडे जास्त मिलिसेकंद होतील, मिनिट होणार नाही. मिनिट लागतंय म्हणजे चोर दुसरीकडे आहे.

तो शोधण्याआधी एक गोष्ट पक्की करून घे, कारण बहुतेक सगळा घोळ इथूनच सुरू होतो. ‘महाराष्ट्र’ या शब्दात अक्षरं किती? शाळेत विचारलं तर चार: म, हा, रा, ष्ट्र. युनिकोडला विचारलंस तर दहा, कारण दोन काने आणि दोन हलन्त तो वेगळे मोजतो. यूटीएफ-८ ला विचारलंस तर तीस बाइट. चार, दहा, तीस. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. तू गो भाषेत लांबी विचारतेस तेव्हा तीस मिळतात, मी पायथनमध्ये विचारते तेव्हा दहा. चार हवे असतील तर अक्षरांच्या सीमा ओळखणारी लायब्ररी लागते. आणि तिलाही आपली जोडाक्षरं एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या मूळ नियमावलीत थेट २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत मिळाला. त्याआधीच्या नियमानं ‘ष्ट्र’चे तीन तुकडे मोजले जात. म्हणून काहीही लिहिण्याआधी स्वतःला विचार, या ओळीत मला चारांपैकी काही हवंय, दहांपैकी की तीसांपैकी? जितकं वरचं उत्तर हवं तितकं काम जास्त. आणि गंमत अशी की बहुतेक वेळा तीसवालंच पुरतं.

पुरतं, पण कुठे पुरत नाही तेही ऐक. माझ्या पहिल्या नोकरीत नावाचा रकाना ३० बाइटांचा होता. इंग्रजी नावांना ऐसपैस. मराठी नावं येऊ लागली तेव्हा जास्तीचं कापून टाका असं ठरलं, आणि ती ओळ मी लिहिली. ‘ज्ञानेश्वरी’ हे नाव मोजून बघ: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, दीर्घ वेलांटी. अकरा चिन्हं, तेहतीस बाइट. तिसाव्या बाइटावर कात्री लावली की उरतं ‘ज्ञानेश्वर’. चिन्ह अर्धवट तुटलेलं नाही, त्यामुळे कुठलीही तपासणी ओरडली नाही, आणि छापलेल्या कागदावर मुलीचा मुलगा झाला. तो कागद घेऊन त्या बाई खिडकीशी उभ्या होत्या. अजून डोळ्यांसमोर आहे ते. वेगाच्या गोष्टी सांगताना मी हे मध्येच का सांगतेय? कारण ‘जलद’ आणि ‘बरोबर’ यातलं एक निवडायची वेळ आली की मला तो कागद आठवतो, आणि तुलाही आठवावा.

आता तुझा कोड. काल तू स्क्रीनवर दाखवलास तेव्हा मला एक ओळ खटकली होती. एका कपाटाची अख्खी यादी तू एकाच स्ट्रिंगमध्ये घेतलीस, साधारण एक लाख चिन्हं. मग लूपमध्ये अमुक क्रमांकाचं चिन्ह काढायला प्रत्येक फेरीत ती सगळी स्ट्रिंग रूनच्या, म्हणजे गोमधल्या एकेका चिन्हाच्या, यादीत बदललीस, एक चिन्ह घेतलंस आणि यादी टाकून दिलीस. एका फेरीत एक लाख चिन्हं उलगडली. फेऱ्या एक लाख. गुणाकार कर: एक हजार कोटी. शिवाय दर फेरीला चार लाख बाइटांची नवी जागा मागितलीस आणि सोडलीस, ती आवरायचं काम निराळंच. हेच तुझं मिनिट. तीच स्ट्रिंग रेंज लावून फिरलीस तर एकेक चिन्ह उलगडत पुढे जाता येतं, लाखाचं काम लाखातच होतं. किंवा रूनची यादी लूपच्या बाहेर, एकदाच करून ठेव.

हे तू मुद्दाम केलं नाहीस, मला माहीत आहे. यूटीएफ-८ मध्ये पाचशेवं चिन्ह कुठे आहे ते आधीची चारशे नव्व्याण्णव ओलांडल्याशिवाय कळत नाही, कारण प्रत्येकाची रुंदी वेगळी असू शकते. इंग्रजीत एक चिन्ह म्हणजे एक बाइट ही सवय हाताला लागलेली असते, आणि शिकवण्या, पुस्तकं, सगळी उदाहरणं इंग्रजीच. रस्टमध्ये म्हणून तर थेट क्रमांकानं अक्षर मागूच देत नाहीत. मागायचंच असेल तर सुरुवातीपासून मोजत जायची पद्धत वापरावी लागते, म्हणजे किंमत डोळ्यांसमोर राहते. मला ते आवडतं.

पण खरं सांगू? तुला शोधासाठी रून लागतच नाहीत. १९९२ च्या सप्टेंबरात केन थॉम्पसन आणि रॉब पाइक न्यू जर्सीमधल्या एका डायनरमध्ये जेवायला बसले होते आणि ताटाखालच्या कागदावर थॉम्पसननं यूटीएफ-८ ची मांडणी आखली, असं पाइकनं स्वतः लिहून ठेवलंय. त्या मांडणीत चिन्हाचा पहिला बाइट आणि पुढचे बाइट यांचे आकडे कधी एकमेकांत मिसळत नाहीत. पुढचे सगळे १२८ ते १९१ च्या दरम्यान, पहिला त्या पट्ट्यात कधीच नाही. त्यामुळे तू ‘तुकाराम’ हे चोवीस बाइट… थांब, मोजते: त, उकार, क, काना, र, काना, म. सात चिन्हं, एकवीस बाइट. ते एकवीस बाइट फाइलच्या बाइटांमध्ये जसेच्या तसे शोधलेस तरी ते कुठल्या चिन्हाच्या मधोमध खोटे जुळणार नाहीत. काही उलगडायला नको, काही बदलायला नको. हे मला त्या दोघांनी आपल्याला दिलेलं देणं वाटतं, आणि त्यांच्यासमोर तेव्हा मराठी नव्हती.

याची किंमत कळायला दुसरी बाजू बघ. यूटीएफ-१६ मध्ये आपलं चिन्ह दोनच बाइटांत बसतं. जावा, जावास्क्रिप्ट, विंडोज आतून याच घरातले, कारण नव्वदीच्या सुरुवातीला सगळं जग १६ बिटांत मावेल असंच वाटत होतं. दोन बाइट म्हणजे एक तृतीयांश बचत, मोह होतो. पण ते दोन बाइट कोणते? देवनागरीच्या प्रत्येक चिन्हात एक बाइट ९ असतो, आणि ९ म्हणजे टॅब. ‘ऊ’चे आकडे ९ आणि १०, १० म्हणजे नवी ओळ. ‘ब’चे ९ आणि ४४, ४४ म्हणजे स्वल्पविराम. ‘ठ’मध्ये ३२, म्हणजे स्पेस. ‘ढ’मध्ये ३४, दुहेरी अवतरणचिन्ह. आता कुणी घाईत, वेगासाठी म्हणून, यूटीएफ-१६ ची फाइल बाइटांवर तोडली तर ‘ऊस’ लिहिला की ओळ मोडते आणि ‘बाबा’ लिहिलं की दोन रकाने वाढतात. यूटीएफ-८ मध्ये हे होऊच शकत नाही, कारण आपल्या तीन बाइटांतला एकही १२८ च्या खाली येत नाही. म्हणून ओळी मोजायच्या असोत, स्वल्पविरामावर तोडायचं असो, यूटीएफ-८ वर ते काम कच्च्या बाइटांवर बिनधास्त आणि भरधाव करता येतं. तिसऱ्या बाइटाचं भाडं आपण देतो ना, ते याचं देतो.

आणि ते भाडंही वाटतं तेवढं नसतं. वेबपानाचे टॅग, दुवे, सगळं इंग्रजी असतं. ते यूटीएफ-१६ मध्ये दुप्पट फुगतं आणि आपली बचत तिथेच संपते. नेटवरून जाताना जीझिप लागतं तेव्हा सारखे सारखे येणारे २२४-१६४ फार छान दबले जातात. एका बाइटाचीही एक मांडणी होती: पुण्याच्या सी-डॅकशी जिचं नाव जोडलेलं, त्या इस्कीमध्ये आपलं चिन्ह एका बाइटात बसायचं. १९९१ साली ते भारतीय मानक झालं, आणि युनिकोडनं आपल्या तक्त्याचा क्रम इस्कीच्याच १९८८ च्या रूपावरून घेतला. जुनी माणसं त्याबद्दल हळवं होऊन बोलतात, मला कळतं ते. पण एकाच मजकुरात मराठी, तमिळ आणि चिनी सुखानं शेजारी ठेवण्याची सोय त्यात नव्हती.

वेळ खरा जातो तो सीमांवर, हे लक्षात ठेव. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट, आतून १६, नेटवर ८, सर्व्हरवर जावा असेल तर पुन्हा १६, डेटाबेसात ८. प्रत्येक उंबरठ्यावर सगळा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडून पुन्हा बांधला जातो. एकदा झालं तर कुणाला कळतही नाही. पण मी असे प्रोग्राम पाहिलेत जे लूपच्या आत बाइटांची स्ट्रिंग करतात, तिची पुन्हा बाइट करतात, कारण दोन फंक्शन दोन वेगळ्या माणसांनी लिहिली. आत येताना एकदा उलगडायचं, बाहेर जाताना एकदा बांधायचं, मध्ये एकच रूप. आपण घरात चपला दारातच काढतो ना, प्रत्येक खोलीच्या दारात नाही.

पायथनचं एक सांगते, कारण तू कधीतरी माझ्याकडून ते उचलशील. २०१२ सालच्या ३.३ पासून पायथन स्ट्रिंगमधलं सगळ्यात मोठं चिन्ह बघून सगळ्यांना सारखी जागा देतो: एक बाइट, दोन किंवा चार. दहा लाख इंग्रजी अक्षरं म्हणजे १ एमबी. त्यात एक ‘म’ पडला की अख्खी स्ट्रिंग २ एमबी. आणि एखादा हसरा इमोजी पडला की ४. एका चिन्हासाठी सगळ्यांच्या खुर्च्या बदलतात. आमच्याकडे अभिप्रायांची भलीमोठी फाइल एकाच स्ट्रिंगमध्ये वाचली जायची, आणि काही दिवशी मेमरी अचानक दुप्पट का होते ते आठवडाभर सापडेना. तो एका इमोजीचा फरक होता. ओळीओळीनं वाचायला लागलो आणि प्रश्न मिटला, कारण मग फुगायची ती एकटी ओळ.

आता जे खरंच मराठीचं आहे, ते. ‘दऱ्या’ हा शब्द लोक दोन तऱ्हेनं टाइप करतात. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह, मग हलन्त, य, काना. द धरून पाच चिन्हं, पंधरा बाइट. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक, मग या: ‘दर्‍या’, सहा चिन्हं, अठरा बाइट. डोळ्यांना एकच. यंत्राला दोन शब्द. युनिकोडचं ठरावीक नॉर्मलायझेशन ही दोन रूपं एक करत नाही, ते तुलाच करावं लागेल. आणि घाईनं तो अदृश्य जोडकच पुसून टाकू नकोस. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, आणि डोंगरातलं पुस्तक समुद्रावर सापडतं. तसंच ‘ॲ’चं: तो एकसंध चिन्ह म्हणूनही येतो आणि अ वर चंद्र काढूनही. ही सगळी एकरूपता नोंद सूचीत शिरताना एकदाच कर आणि ते रूप वेगळ्या रकान्यात ठेव. तुझा कोड हे दर शोधाला, दर नोंदीला पुन्हा करत होता. तिथे तू इंग्रजी अक्षरं लहान करण्याचं फंक्शनही दरवेळी लावतेस. मजकूर निव्वळ इंग्रजी असेल तर ते झटकन होतं. मराठी दिसली की ते प्रत्येक चिन्हासाठी तक्ता धुंडाळतं, आणि आपल्याकडे लहान-मोठी लिपी नाहीच. तेही आधी, एकदाच.

क्रम लावायचा प्रश्न येईलच. बाइटांवर लावलेला क्रम सगळ्यात जलद, पण त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. वाचक कपाटाशी येऊन बोटानं शोधतो तेव्हा त्याला आपला क्रम हवा असतो. तो दे. फक्त दर तुलनेला नियम लावू नकोस: लाख नावांना सतरा लाखांच्या आसपास तुलना लागतात, पण क्रमाची किल्ली बनवायची ती लाखच. किल्ली आधी बनवून ठेवली की पुढे पुन्हा साधी बाइटांचीच तुलना.

आणि रोमन लिपीबद्दल. ज्ञानेश्वरी रोमनमध्ये बारा बाइटांत बसेल, हो. पण कुणी ‘डी’नं सुरू करेल, कुणी ‘जे’नं. ‘मन’ आणि ‘मण’, ‘माल’ आणि ‘माळ’, ‘वात’ आणि ‘वाट’ एकच होऊन बसतील. मग शोधताना दहा स्पेलिंगं जुळवत बसायचं, आणि ते या तीन बाइटांपेक्षा कितीतरी महाग. हे त्यांना रागानं सांगू नकोस. तेही इंग्रजीच्याच उदाहरणांवर शिकलेत.

उद्या असं कर. आधी आजचाच कोड, मराठी यादी आणि तेवढ्याच चिन्हांची इंग्रजी यादी, दोन्हीवर चालव आणि वेळ लिहून ठेव. इंग्रजीवरही तो रेंगाळेल, बघ. मग ती एक ओळ लूपच्या बाहेर काढ आणि पुन्हा मोज. चारच आकडे घेऊन मीटिंगला जा. चाचणीच्या फाइलमध्ये ज्ञानेश्वरी, ऊस, बाबा, बाळ आणि दोन्ही तऱ्हांच्या दऱ्या कायमच्या घालून ठेव. आकडे आले की फोन कर, कितीही वाजले असले तरी.